प्रस्तावना : कोणता मासा, केवढा, कुठे वाढलेला?

‘खाडीचा आहे का?’ हा प्रश्न ठाणे, पनवेल, उरणच्या मासळी बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. पूर्वी तो आशेने विचारला जाई. खाडीची बोय, खाडीची कोळंबी, गाळातली भरलेली चिंबोरी यांची चव बाहेरच्या मालाला नाही, हे खाणाऱ्याला ठाऊक असे. ‘हो, खाडीचा’ म्हटले की टोपली रिकामी होई. आज प्रश्न तोच आहे, पण होकार आला की गिऱ्हाइकाचा हात मागे जातो आणि मासळीवालीला ‘नाही हो, बाहेरचा आहे’ अशी ग्वाही द्यावी लागते. एका खाडीवरचा विश्वास का उडाला आणि तो उडणे कितपत रास्त आहे, हे समजून घ्यायचे तर बाजारातून पाण्यात, पाण्यातून गाळात आणि गाळातून माशाच्या कल्ल्यांत, यकृतात, गाभोळीत शिरावे लागते. प्रदूषणाचा अभ्यास आणि माशांचे जीवशास्त्र यांची गाठ पडते ती इथे. मराठीत या विषयावर सलग, एका जागी वाचायला मिळेल असे फारसे काही नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हा लेखसंग्रह केला आहे.

संग्रहाच्या मध्यभागी ठाण्याची खाडी आणि ती जिथे पसरट होत जाते ते मुंबई बंदराचे आखात आहे. खाडीची लांबी साधारण २६ किलोमीटर. उत्तरेला एका अरुंद वाटेने ती उल्हास नदीशी जोडलेली आहे, दक्षिणेला ती रुंदावत समुद्राला मिळते. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. उधाणाच्या दिवसांत पाणी पाच मीटरच्या आसपास चढते-उतरते. एवढ्या जोराने पाणी आत-बाहेर होत असेल तर घाण टिकेलच कशी, असे कुणालाही वाटेल. पण ओहोटीला खाली गेलेले पाणी समुद्रात पार निघून जात नाही. त्यातले बरेचसे पुढच्या भरतीला परत वर येते. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर वरच्या अंगाला गोड्या पाण्याचा लोंढा नाही. म्हणून खाडीचा वरचा भाग हळूहळूच धुतला जातो, आणि नेमक्या त्याच भागात नाले येऊन मिळतात.

या पाण्याच्या दोन्ही काठांवर गेल्या सत्तर वर्षांत काय काय आले ते आठवून पाहावे. पन्नासच्या दशकात तुर्भ्याचे, म्हणजे ट्रॉम्बेचे, तेलशुद्धीकरण कारखाने. साठच्या दशकात खत कारखाना आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली रासायनिक वसाहत. सत्तरपासून नवी मुंबई. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर. पुलांमागून पूल आले आणि दोन शहरांचे सांडपाणी आले. दुसऱ्या बाजूला २०१५ मध्ये खाडीचा एक भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. तिवरांचे दाट पट्टे, गाळावर हजारोंनी उतरलेले गुलाबी पक्षी आणि काही अंतरावर काळ्या पाण्याचा नाला, हे तिन्ही एकाच नजरेत मावतात.

रोहित पक्ष्यांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. काही वर्षी त्यांची संख्या लाखाच्या पुढे मोजली गेली आणि वर्तमानपत्रांनी खाडी सुधारल्याची बातमी केली. छोटा रोहित जगतो तो गाळावरच्या नीलहरित शेवाळावर आणि डायटमसारख्या सूक्ष्म वनस्पतींवर. या वनस्पती नत्र-स्फुरदावर फोफावतात, आणि नत्र-स्फुरद येते सांडपाण्यातून. पक्ष्यांची गर्दी ही आनंदाची गोष्ट आहे. ती पाहायला शाळेतल्या मुलांना जरूर न्यावे. पण त्या गर्दीवरून पाण्याच्या शुद्धतेचा निष्कर्ष काढता येत नाही.

माशांच्या बाबतीत हीच गफलत आणखी सर्रास होते. ‘खाडीत अजून मासे मिळतात’ हे वाक्य कारखानदार आपल्या बचावासाठी वापरतो, अधिकारी समाधानासाठी वापरतो, आणि कधी कधी हताश झालेला मच्छीमारही धीर धरण्यासाठी तेच म्हणतो. या संग्रहातल्या सर्व लेखकांचे निरनिराळ्या विषयांवर मतभेद आहेत, पण एका गोष्टीवर एकमत आहे. मासा आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. कोणता मासा आहे, केवढा आहे, तो इथेच वाढला की कालच्या भरतीला आत आला, त्याला गाभोळी धरते का, धरली तर त्यातून निघालेले पिल्लू जगते का, हे विचारले पाहिजे. वरच्या खाडीत नाल्याच्या तोंडाशी जाळे टाकले तर चिलापी भरपूर मिळेल. चिलापी मूळची आफ्रिकेतली. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली. कमी प्राणवायूत ती तग धरते आणि खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत निभावते. टोपली तिने भरली तरी खाडीच्या प्रकृतीबद्दल ती फारसे चांगले सांगत नाही.

या विषयाची सुरुवात प्रदूषणापासून झाली नाही, ती नावे ठेवण्यापासून झाली. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला. आपल्या बोंबिलाचे शास्त्रीय वर्णनही त्यातलेच. फ्रान्सिस डे या लष्करी शल्यवैद्याने १८७५ ते १८७८ या काळात ‘द फिशेस ऑफ इंडिया’ सिद्ध केला आणि आजही एखादा अवघड मासा ओळखायचा असला की अभ्यासक डेची चित्रे उघडतात. त्या पिढीने काय होते ते लिहून ठेवले. किती होते, हे मात्र त्यांनी मोजले नाही. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या खाडीशी आजची तुलना करताना हात रिकामेच राहतात.

मोजण्याचे काम मत्स्यजीवशास्त्राने केले. माशाची लांबी आणि वजन यांचे नाते, वाढीचा वेग, पहिली गाभोळी कोणत्या लांबीला धरते, वर्षात किती वेळा अंडी घालतो, पोटात काय सापडते, असे त्या शाखेचे रोजचे प्रश्न आहेत. फॉन बर्टालान्फी यांचे वाढीचे समीकरण १९३८ चे, बेव्हर्टन आणि होल्ट यांचा मत्स्यसाठ्यांवरचा पायाभूत ग्रंथ १९५७ चा. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने बोंबिलावर १९७० मध्ये बापट यांची स्वतंत्र पुस्तिका काढली. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत १९६१ पासून पिढ्यांमागून पिढ्या शिकून बाहेर पडल्या. या परंपरेचे ऋण मोठे आहे. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. माशाकडे तिने बराच काळ ‘साठा’ म्हणूनच पाहिले. मासे घटले की जास्त पकडले गेले, हे तिचे पहिले उत्तर असे. पाण्यात काय मिसळले, हा प्रश्न तिच्या समीकरणांत बसत नव्हता.

तो प्रश्न जगासमोर आणला जपानमधल्या मिनामाता या गावाने, आणि त्यासाठी माणसांना मरावे लागले. तिथल्या रासायनिक कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनत होते. त्यात पाऱ्याचा वापर होई आणि सांडपाणी सरळ खाडीत सोडले जाई. आधी मासे तरंगू लागले, कावळे आकाशातून पडू लागले, मग मच्छीमारांच्या घरातली मांजरे पिसाटल्यासारखी गोल गोल फिरून मरू लागली. १ मे १९५६ रोजी माणसांतल्या या रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कारखान्याच्याच इस्पितळातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी चारशे क्रमांकाच्या मांजराला कारखान्याचे सांडपाणी खाण्यातून दिले. त्या मांजरालाही तोच आजार जडला. निष्कर्ष दाबला गेला. सांडपाणी सोडण्याची जागा त्याआधीच, १९५८ मध्ये, खाडीतून नदीच्या मुखाकडे वळवली होती आणि रोग पलीकडच्या किनाऱ्यावरही पोचला होता. सरकारने कारण मान्य केले १९६८ मध्ये, म्हणजे ते उत्पादन बंद झाल्यावर. पुढे खाडीच्या तोंडाला जाळे बांधून मासे आतच अडवून ठेवावे लागले. ते जाळे १९९७ मध्ये निघाले.

मिनामाताने शिकवलेले जीवशास्त्र असे. गाळात प्राणवायू नसतो तिथले जीवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हा पारा माशाच्या स्नायूंतल्या प्रथिनांना चिकटतो. लहान मासा मोठ्याने खाल्ला की तो पुढच्या शरीरात साठतो, आणि माशाचे वय वाढेल तसे त्याचे प्रमाण वाढते. शिजवल्याने, तळल्याने, वाळवल्याने तो जात नाही. आपल्याकडे ‘नीट उकळले की सगळे मरते’ अशी समजूत आहे. ती जंतूंच्या बाबतीत बरीच खरी आहे, धातूंच्या बाबतीत मुळीच नाही. म्हणून ‘खाडीचा मासा खावा का’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. गाळावरचे शेवाळ खाणारी बोय, पाणी गाळून जगणारे कालव आणि इतर मासे खाऊन मोठा झालेला शिंगाळा यांच्या अंगात साठणारी विषे वेगळी, त्यांचे प्रमाणही वेगळे. ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांचा शोधनिबंध १९८१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. म्हणजे शास्त्रज्ञांनी इशारा वेळेवर दिला. तो मासळी बाजारापर्यंत, निदान मराठीतून, पोचला नाही.

मिनामातानंतर या विषयाला अनेक फाटे फुटले. विषशास्त्रज्ञांनी काचेच्या टाक्यांत मासे ठेवून ९६ तासांत निम्मे मरतील ती मात्रा शोधली. कायद्यातल्या मर्यादा ठरवताना या प्रयोगांचा मोठा आधार घेतला गेला. पण खाडीतला मासा चार दिवसांत मरत नाही. तो वर्षानुवर्षे थोडे थोडे सोसत राहतो. रसायनशास्त्रज्ञांनी पाण्याऐवजी शिंपल्यांचे मांस तपासायला सुरुवात केली. एडवर्ड गोल्डबर्ग यांची ‘मसल वॉच’ ही कल्पना १९७५ ची. काही जणांनी माशाच्या यकृतातली विकरे मोजली. तेलातले विषारी घटक पचवताना ती वाढतात आणि मासा दिसायला धडधाकट असतानाच धोका कळतो. अमेरिकेच्या प्युजेट साउंडमध्ये तळाशी राहणाऱ्या इंग्लिश सोल या चपट्या माशाच्या यकृतात गाठी सापडल्या. त्यांचा संबंध गाळातल्या तेलजन्य संयुगांशी जोडला गेला. नव्वदच्या दशकात तिथल्या ईगल हार्बरच्या दूषित तळावर स्वच्छ वाळूचा थर घातला, आणि नंतरच्या वर्षांत यकृताचे विकार कमी झाले. हे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. नुकसान कायमचे असते असे मानून हात झटकणाऱ्यांना ते दाखवले पाहिजे.

आणखी एक शाखा अलीकडची, आणि ती ‘मासे जिवंत आहेत ना!’ या युक्तिवादाला सर्वांत नेमके उत्तर देते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर किलीफिश नावाचा बोटाएवढा मासा अतिदूषित नदीमुखांत आरामात राहतो. २०१६ मध्ये त्याच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर ठिकाणचे भाईबंद ज्या मात्रेला मरतात तिच्या काही हजार पट, काही ठिकाणी आठ हजार पटीपर्यंत विष हे मासे सोसू शकतात, असे दिसले. काही दशकांच्या आत निसर्गनिवडीने हे घडवून आणले होते. जे सोसू शकले नाहीत ते मेले आणि उरलेल्यांची प्रजा वाढली. हा मासा जगतो, भरपूर पैदास करतो, आणि अंगातले विष त्याला खाणाऱ्या मोठ्या माशांना पोचवतो. त्याच्या असण्यावरून पाणी स्वच्छ आहे असे कोण म्हणेल?

हे सगळे ज्ञान थंड देशांतून आले आहे, आणि ते जसेच्या तसे आपल्या खाडीला लावले तर फसगत होते. दहा अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरला अकरा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. आपल्या तीस अंशांच्या खाऱ्या पाण्यात तो जेमतेम सहा मिलिग्रॅम मावतो. म्हणजे मुळातच निम्म्याने सुरुवात. गरम पाण्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात, गरज जास्त आणि पुरवठा कमी. त्यात सांडपाणी कुजवणारे जीवाणू आपला वाटा काढून घेतात. पहाटेच्या वेळी, रात्रभर वनस्पतींनीही प्राणवायू वापरल्यावर, तो सर्वांत कमी असतो. अशा वेळी बोय पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड आणून घुटके घेताना दिसते.

कल्ला हा माशाचा सर्वांत उघडा अवयव. पाणी आणि रक्त यांच्यामध्ये तिथे जो पडदा असतो तो केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ. श्वासही तिथूनच चालतो, क्षारांचा तोलही तिथेच राखला जातो, शरीरातला अमोनियाही तिथूनच बाहेर जातो. पाण्यात जड धातू किंवा अमोनिया वाढला की मासा संरक्षणासाठी कल्ल्यांवर बुळबुळीत स्राव सोडतो आणि तिथली त्वचा जाड होत जाते. विष आत यायचे थोडे थांबते, पण त्याच जाडीमुळे प्राणवायूही अडतो. खाडीतल्या माशाला तर भरती-ओहोटीबरोबर खारेपणातले चढ-उतारही सोसायचे असतात. त्यामुळे ज्या मात्रेला समुद्रातला मासा निभावून नेतो, तिलाच खाडीतला मासा थकतो.

निवटी याला अपवाद वाटेल, कारण ती ओहोटीला चिखलावर येऊन ओल्या त्वचेतून हवा घेते. निवटीच्या काही जाती तोंडात हवा भरून बिळात नेतात आणि अंड्यांच्या कोठीत सोडतात, कारण गाळात प्राणवायू नसतोच. केवढी ही खटपट! पण निवटी जो चिखल चाटून डायटम खाते, ज्यात बीळ खणते, त्याच चिखलात साठ-सत्तर वर्षांचे धातू आणि तेल थरांनी बसले आहे. पाणी दोन भरत्यांत बदलते, गाळ बदलायला पिढ्या लागतात. उद्या सर्व नाले बंद झाले तरी निवटीपुरते प्रदूषण चालूच राहील.

आता जिताडा. रायगडात पाहुण्याला जिताडा वाढणे हा मान समजला जातो, आणि पेण-अलिबागकडे खाडीतली पिल्ले आणून तळ्यांत वाढवण्याची जुनी रीत आहे. हा मासा जन्मतो बहुधा नर म्हणून. तीन-चार वर्षांचा असताना तो नर म्हणून प्रजननात भाग घेतो, आणि पुढे काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे खाडीतला जिताडा म्हातारा होऊ शकला नाही, तर माद्याच तयार होणार नाहीत. आठ-दहा किलोची एक मादी लाखो अंडी घालते. तिची जागा किलोभराचे दहा नर घेऊ शकत नाहीत. लिंगबदल हा सगळा संप्रेरकांचा खेळ आहे, आणि सांडपाण्यातून येणारी औषधे व कारखान्यांतली काही रसायने माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतात, हे युरोपातल्या नद्यांत नव्वदच्या दशकापासून दाखवले गेले आहे. तिथे नर माशांच्या रक्तात अंड्यातल्या बलकाचे प्रथिन सापडू लागले होते. आपल्या जिताड्यावर असा अभ्यास सातत्याने व्हायला हवा, अशी या पुस्तकाची स्पष्ट मागणी आहे.

जिताडा मीलनासाठी खाडीच्या मुखाशी येतो तो पावसाळ्यात, आणि त्याची पिल्ले त्याच दिवसांत आत शिरतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ती याच मोसमातल्या प्रजननासाठी. मच्छीमार उत्पन्न सोडून हे दोन महिने पाळतो. त्याच दोन महिन्यांत पहिला पाऊस आठ महिन्यांची रस्त्यांवरची घाण, गटारांतला गाळ, टायरांची झीज, तेलाचे डाग खाडीत आणून ओततो. टायरांच्या झिजेचा उल्लेख उगीच केलेला नाही. प्युजेट साउंडच्या ओढ्यांत पहिल्या पावसानंतर कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच का मरतात, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. २०२० मध्ये त्याचे कारण टायरमधल्या एका संरक्षक रसायनापासून तयार होणाऱ्या संयुगात सापडले. मच्छीमाराला बंदीचा काळ आहे. गटारांना आणि कारखान्यांना तो नाही. ही विसंगती धोरणकर्त्यांच्या लक्षात आणून देणे हे आमच्या उद्देशांपैकी एक आहे.

मासा कुठे वाढला हे कळण्याचे एक सुंदर साधन माशाच्या डोक्यातच असते. ढोमा किंवा घोळ साफ करताना डोक्यात दोन पांढरे खडे सापडतात, ते पुष्कळांनी पाहिले असतील. हे कानातले खडे, कर्णाश्म. मासा जगतो तसतसे त्यावर थर चढत जातात. १९७१ मध्ये पानेला यांनी दाखवले की त्यात रोजचा एक थर असतो. वर्षाचे ऋतू फारसे न बदलणाऱ्या आपल्या पाण्यात वार्षिक कडी अंधूक असतात, तेव्हा हे रोजचे थर फार उपयोगी पडतात. खडा घासून पातळ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजत जायचे. थरांतल्या स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियमच्या प्रमाणावरून तो काळ खाऱ्या पाण्यात गेला की गोड्या, हेही कळते. बाजारातल्या एका बोयीच्या खड्यावरून ती बाहेरच्या समुद्रात जन्मून कितव्या दिवशी खाडीत शिरली, आणि कोणत्या आठवड्यांत तिची वाढ खुंटली, हे सांगता येते. पाण्याचा नमुना ज्या क्षणी घेतला त्या क्षणाबद्दल बोलतो. हा खडा माशाच्या पूर्ण आयुष्याबद्दल बोलतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळांना परवडेल असे हे काम आहे आणि त्यात आपल्या विद्यार्थ्यांनी उतरावे असे मनापासून वाटते.

पाण्याच्या नमुन्यावरून आठवले. तो भरतीला घेतला की ओहोटीला, यावर आकडे पार बदलतात. भरतीच्या पाण्यात समुद्र येतो, ओहोटीच्या शेवटच्या तासात नाला. कोळीवाड्यात हे लहान मुलालाही ठाऊक असते. तिथीला पाऊणने गुणले की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते हा हिशेब तोंडावर असतो. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, पाणी कमी हलते, घाण साचते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी गाळ उपसून काढते. नमुना घेतल्याची तिथी आणि भरतीची अवस्था न लिहिलेला अहवाल खाडीबद्दल काहीच सांगत नाही, आणि असे अहवाल पुष्कळ आहेत. रॉबर्ट योहान्स यांनी १९८१ मध्ये पलाऊ बेटांवरच्या मच्छीमारांकडून माशांच्या प्रजननाचे चंद्राशी जुळणारे वेळापत्रक शिकून पुस्तक लिहिले. तोवर शास्त्राला त्यातले बरेचसे माहीत नव्हते. चेंदणी, दिवाळे, तुर्भे, माहूल, वाशीगाव, मोरा इथल्या कोळीवाड्यांतले ज्ञान त्याच तोडीचे आहे. डोलीच्या जाळ्यात पूर्वी काय येई, पागाच्या जाळ्याला आता काय लागत नाही, हे सांगणारी माणसे अजून आहेत. या संग्रहात त्यांचे बोलणे पुरवणी म्हणून जोडलेले नाही. ते पुरावा म्हणून इतर पुराव्यांच्या बरोबरीने ठेवले आहे आणि तितक्याच काटेकोरपणे तपासले आहे.

मच्छीमार म्हणतो कंपन्यांचे पाणी, मत्स्यशास्त्रज्ञ म्हणतो अतिमासेमारी, पर्यावरणवाला म्हणतो भराव आणि तोडलेली तिवरे. बाहेरच्या समुद्राबद्दल या वादात मासेमारीचे पारडे जड असेलही. खाडीबद्दल मला तसे वाटत नाही. खाडीत लहान होड्या, पाग आणि बोक्षी ही जाळी चालतात. एवढ्या साधनांनी खाडी रिकामी व्हायची असती तर ती दोनशे वर्षांपूर्वीच झाली असती. खाडी हे पिल्लांचे घर आहे, आणि पिल्लू हीच माशाच्या आयुष्यातली सर्वांत नाजूक अवस्था. तिथे पाण्याने घात केला तर बाहेर कितीही संयम पाळला तरी भरपाई होत नाही.

हा विषय आत्ताच का, याचे उत्तर वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप या नावांत आहे. मुंबईत या सात ठिकाणी मोठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहत आहेत. सर्व मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटरची क्षमता. त्यातल्या भांडुप, घाटकोपरचा थेट संबंध ठाणे खाडीशी आहे. ही केंद्रे नीट चालली तर खाडीच्या पाण्यात आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा बदल घडेल. तो बदल मोजायचा असेल तर आधीची स्थिती आत्ताच नोंदवून ठेवली पाहिजे. लंडनच्या थेम्सचे मुख १९५७ मध्ये मृत म्हणून घोषित झाले होते. मलप्रक्रिया सुधारल्यावर मासे परतू लागले तेव्हा त्यांची नोंद करायला वीजकेंद्रांच्या पाणी ओढणाऱ्या जाळ्या उपयोगी पडल्या. त्यांत अडकलेले मासे अल्विन व्हीलर यांनी वर्षानुवर्षे तपासले. १९७४ मध्ये त्यांत सामन सापडला आणि गाजावाजा झाला. पण पुढे पिल्ले सोडूनही सामनची स्वतःची टिकाऊ प्रजा तिथे उभी राहिली नाही. इतर नद्यांतले चुकार मासे येत राहिले. मासा येणे आणि मासा वसणे यांतला हा फरक उद्या आपल्यालाही पारखावा लागणार आहे, आणि तो पारखायला कर्णाश्म, गाभोळी, यकृत यांच्या आजच्या नोंदी लागतील.

या संग्रहाच्या मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे. तेलगळतीवर इथे थोडेच आहे, २०१० च्या बंदरातल्या जहाजटक्करीसारख्या घटना स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहेत. सूक्ष्म प्लास्टिकवर हात आखडता ठेवला आहे, कारण माशाच्या पोटात ते सापडते इथपर्यंत सगळे सहमत आहेत, पण त्याने माशाचे नेमके काय होते यावर अजून वाद चालू आहे. वाचकाला ‘हे खा, हे खाऊ नका’ अशी यादी हवी असेल तर तीही मिळणार नाही. मिळेल ती स्वतः विचारायच्या प्रश्नांची पद्धत : मासा अन्नसाखळीत कुठे, किती मोठा, गाळाशी किती जवळचा, कोणत्या भागातला. परिभाषा शक्य तिथे कोळीवाड्यातली घेतली आहे, ती नसेल तिथे महाविद्यालयातली.

पुस्तकाच्या अखेरीस एक कोरा तक्ता छापला आहे. तारीख, तिथी, भरती की ओहोटी, जागा, जाळे, माशाचे स्थानिक नाव, लांबी, वजन, गाभोळी आहे की नाही, कल्ल्यांचा रंग. शिक्षकांनी तो वर्गात वाटावा, मच्छीमार संस्थांनी कार्यालयात ठेवावा. एका जागी महिन्याच्या एकाच तिथीला, त्याच जाळ्याने, निदान तीन वर्षे तो भरला गेला तर भांडुप आणि घाटकोपरची केंद्रे सुरू होतील तेव्हा तुलनेसाठी आपल्याकडे स्वतःची नोंद असेल. तक्त्याच्या प्रती काढण्यास कुणाचीही परवानगी लागणार नाही.